नसलेल्या अवयवाचे दुखणे : एका वैद्यकीय कोड्याचा इतिहास

शस्त्रक्रियेने पाय गुडघ्याखाली काढावा लागला, जखम भरून आली, टाके निघाले, रुग्ण घरी परतला. आणि एके रात्री तो सांगू लागला की पायाचा अंगठा जळतो आहे. ज्या पायाचा अंगठा जळतो आहे, तो पाय तर महिन्यापूर्वीच गेलेला! अशा वेळी घरातील मंडळी एकमेकांकडे पाहतात. रुग्ण वयोवृद्ध असेल तर त्याला भ्रम झाला असे ठरते, तरुण असेल तर त्याने मनाला फार लावून घेतले असे ठरते. दोन-चार वेळा सांगून पाहिल्यावर रुग्ण सांगणेच सोडून देतो आणि दुखणे एकट्याने सोसत राहतो. मधुमेहाने पायाला गँगरीन होऊन अंगच्छेदन करावे लागण्याचे प्रसंग आज कित्येक कुटुंबांवर येतात. त्यामुळे हा विषय केवळ डॉक्टरांच्या पुस्तकांतला राहिलेला नाही.

वैद्यकाने या दुखण्याला 'फँटम लिंब पेन' म्हणजे आभासी अवयवाची वेदना असे नाव दिले आहे. येथे आरंभीच तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. गेलेला अवयव अजून जागेवर आहे अशी नुसती जाणीव होणे, ही पहिली. ती अवयव गमावलेल्या बहुतेक सर्वांना होते आणि तिच्यात वेदना असतेच असे नाही. उरलेल्या खुंटात, म्हणजे डॉक्टर ज्याला स्टंप म्हणतात त्या भागात, दुखणे ही दुसरी. आणि जो अवयव उरलेलाच नाही त्यात जळजळ, कळ, वीज चमकल्यासारखी तिडीक किंवा मुरगळ जाणवणे ही तिसरी. अंगच्छेदन झालेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोकांना ही तिसरी वेदना कधी ना कधी सोसावी लागते. 'आभासी' हा शब्द येथे अवयवाला लागू आहे, वेदनेला नव्हे. वेदना खरी असते. एवढी साधी गोष्ट मान्य व्हावयास वैद्यकशास्त्राला चारशे वर्षे लागली, आणि तिचे कारण कोणते याविषयी अजूनही पूर्ण एकमत झालेले नाही.

या इतिहासाचा आरंभ सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये होतो. आंब्रवाझ पारे हा मूळचा न्हाव्याच्या दुकानात शिकलेला शल्यचिकित्सक. त्या काळी युरोपात शस्त्रक्रिया हे न्हाव्यांचेच काम मानले जाई. पारे लष्कराबरोबर रणांगणावर फिरला आणि पुढे फ्रान्सच्या चार राजांचा शल्यवैद्य झाला. १५३७ च्या सुमारास तुरीनच्या मोहिमेत बंदुकीच्या जखमांवर ओतावयाचे उकळते तेल संपले, तेव्हा त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे मलम लावून पाहिले. सकाळी पाहतो तो मलम लावलेले सैनिक शांत झोपलेले आणि तेलाने भाजलेले तापाने फणफणलेले. पुढे अवयव कापल्यावर रक्तवाहिन्या तापल्या लोखंडाने डागण्याऐवजी दोऱ्याने बांधण्याची पद्धत त्याने प्रचारात आणली. त्यामुळे अंगच्छेदनानंतर जगणारे लोक वाढले, आणि जगल्यावरच तर माणूस काय दुखते ते सांगू शकतो! कापून टाकलेला भाग दुखतो अशी तक्रार रुग्ण कितीतरी दिवसांनंतरही करतात, अशी नोंद पारेने केली. त्याचा हेतू मात्र व्यावहारिक होता. गँगरीनने मेलेल्या पायातही रुग्णाला संवेदना जाणवते. त्या सांगण्याने फसून शल्यवैद्याने कापण्यास उशीर करू नये, हे त्याला तरुण शल्यवैद्यांच्या मनावर ठसवावयाचे होते. म्हणजे वेदनेची पहिली ठळक नोंद झाली ती एक फसवी जाणीव म्हणून.

पारेनंतर सुमारे शंभर वर्षांनी हाच प्रश्न एका तत्त्ववेत्त्याच्या हाती आला. रेने देकार्त याने १६४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका मुलीची हकिगत दिली आहे. तिच्या हाताला असाध्य व्याधी जडली होती. शल्यवैद्य येई तेव्हा तिला भीती वाटू नये म्हणून तिचे डोळे बांधले जात. गँगरीन पसरू लागल्याने अखेर तिचा हात कोपरापर्यंत कापावा लागला आणि त्या जागी कापडाच्या पट्ट्या अशा गुंडाळून ठेवल्या की, हात गेल्याचे तिला कित्येक दिवस कळलेच नाही. या काळात ती कधी एका बोटात, कधी दुसऱ्या बोटात कळ येते असे सांगत राही. बोटे नव्हतीच; होत्या त्या फक्त कापडाच्या पट्ट्या.

देकार्तने यावरून जो निष्कर्ष काढला तो आजही वाचण्याजोगा आहे. मेंदूपासून हातापर्यंत गेलेल्या मज्जातंतू आता कोपराशीच संपतात. त्यांचे टोक तेथे डिवचले गेले की पूर्वी बोटांतून येणारीच चाळवाचाळव मेंदूपर्यंत पोहोचते, आणि मेंदूत वसणाऱ्या आत्म्याला ती बोटातली वेदना म्हणून जाणवते. लांब दोरी मध्येच कोठे ओढली तरी टोकाची घंटा वाजते, तसाच हा प्रकार. या स्पष्टीकरणाला दोन बाजू आहेत. वेदनेचे कारण तुटलेल्या तंतूच्या टोकाशी, आणि वेदनेची जाणीव मेंदूत. पुढील साडेतीनशे वर्षे वैद्यकाने यांपैकी कधी एक बाजू तर कधी दुसरी धरून ठेवली, आणि जी धरली तीच संपूर्ण सत्य मानली.

आत्म्याचा उल्लेख आलाच आहे म्हणून एक विषयांतर. इंग्लंडचा नौसेनापती नेल्सन याचा उजवा हात १७९७ च्या जुलैमध्ये तेनेरीफच्या लढाईत गेला. गेलेल्या हाताची जाणीव आपल्याला अजून होते, तेव्हा देह नष्ट झाल्यावरही आत्मा उरतो याचा हा पुरावाच होय, असे तो म्हणत असल्याचे सांगतात. जैन दर्शनात या प्रश्नाचा विचार त्यापूर्वी पाचशे वर्षे निराळ्या दिशेने झालेला आहे. आत्मा देहाएवढाच विस्ताराचा असेल, तर देहाचा भाग कापल्यावर आत्म्याचेही तुकडे होतील काय, असा आक्षेप इतर दर्शनांनी घेतला होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस मल्लिषेणसूरींनी 'स्याद्वादमंजरी'त त्याला उत्तर दिले. तुटलेला भाग काही काळ थरथरतो, तोवर त्यात आत्मप्रदेश असतात; कमळाचा देठ तोडला तरी आतला तंतू जसा तुटत नाही, तसा त्यांचा मूळ आत्म्याशी संबंध तुटत नाही आणि ते पुन्हा त्यात सामावतात, असा त्या उत्तराचा आशय आहे. ही चर्चा आत्म्याच्या विस्ताराविषयी आहे, दुखण्याविषयी नाही. तीत आजचे मेंदूविज्ञान शोधणे हे आचार्यांवरही अन्याय करणारे आणि विज्ञानावरही. मात्र छेदलेल्या अवयवाचा आणि जाणिवेचा संबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे किती बारकाईने विचारला गेला होता, एवढे त्यातून दिसते. असो.

अठराव्या शतकात या विषयाला एक नवा साक्षीदार मिळाला. तो स्वतःच डॉक्टर होता. एडिंबरा येथील विल्यम पोर्टरफील्ड याचा एक पाय कापावा लागला होता. १७५९ मध्ये डोळ्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात त्याने आपला अनुभव नमूद केला. नसलेल्या पायाच्या बोटांना, टाचेला आपल्याला खाज सुटते आणि खाजविण्यासाठी हात आपोआप तेथे जातो, हे त्याने कोणताही संकोच न बाळगता लिहिले. रुग्ण अडाणी आहे, घाबरट आहे, असे म्हणून ही साक्ष बाजूला सारणे शक्य नव्हते.

तरीही या विकाराला नाव मिळण्यास आणखी शंभर वर्षे आणि एक महायुद्धासारखे यादवी युद्ध लागले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण राज्ये आपसांत लढली. त्या युद्धात वापरलेली मिनी नावाची मऊ शिशाची गोळी हाड नुसते मोडत नसे, त्याचा चुरा करी. अशा हातापायाला कापण्यावाचून उपाय नसे. सुमारे साठ हजार अंगच्छेदने त्या युद्धात झाली असे मानले जाते. ईथर आणि क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधांचा शोध नुकताच लागलेला असल्याने शस्त्रक्रिया सुसह्य झाली होती. युद्ध संपले तेव्हा हजारो तरुण एका हाताने, एका पायाने गावोगाव परतले.

फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालय केवळ मज्जातंतूंच्या जखमांसाठी काढले होते. तेथे सायलस वीअर मिचेल हे डॉक्टर काम करीत. त्यांनी जे केले ते ऐकावयास साधे वाटते. त्यांनी रुग्णांचे ऐकून घेतले. एकेका सैनिकाला विचारून त्यांनी टिपणे ठेवली. नसलेला हात केव्हा जाणवतो, किती लांब वाटतो, बोटे उघडी वाटतात की मिटलेली, हवा बदलली की काय होते, हे सारे त्यांत होते. बहुतेक सर्वांनाच गेलेला अवयव जाणवतो, तो हळूहळू आखूड होत खुंटाकडे सरकतो, पुष्कळांना आपली मूठ घट्ट वळलेली असून नखे तळहातात रुतत आहेत असे वाटते, आणि ती मूठ काही केल्या उघडत नाही, असे त्यांना आढळले. एका रुग्णाचा हात खांद्यापासून गेलेला होता आणि दोन वर्षांपासून त्याची जाणीवही थांबली होती. मिचेल यांनी त्याला पूर्वसूचना न देता खांद्याजवळील मज्जातंतूंना विजेचा सौम्य प्रवाह लावला. त्याबरोबर तो सैनिक आपला हात परत आल्याचे ओरडून सांगू लागला. दोन वर्षे मिटलेले खाते एका क्षणात पुन्हा उघडले गेले होते.

पण ही माहिती लोकांपुढे प्रथम आली ती वैद्यकीय नियतकालिकातून नव्हे. १८६६ च्या जुलै महिन्यात 'अटलांटिक मंथली' या मासिकात जॉर्ज डेडलो नावाच्या सैनिकाची कथा छापून आली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेला हा डेडलो आपल्या नसलेल्या अवयवांच्या जाणिवा वैद्याच्या काटेकोरपणे सांगतो. कथेच्या शेवटी प्रेतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकीत त्याचे स्वतःचे पायच येऊन हजर होतात; लष्करी वैद्यकीय संग्रहालयात मद्यार्कात ठेवलेले, ३४८६ आणि ३४८७ क्रमांकांचे! काही क्षण तो त्या पायांवर डळमळत चालतोदेखील. शेवट उघडउघड थट्टेचा होता, तरी वाचकांना सारे खरे वाटले. त्यांनी डेडलोसाठी वर्गणी जमविली, काही जण त्याला भेटावयास रुग्णालयाच्या दारापर्यंत गेले. लेखक मिचेलच होते. १८७१ मध्ये त्यांनी आपल्या नावाने लेख लिहिला आणि त्यात 'फँटम लिंब' हा शब्द योजला. पुढील वर्षी त्यांचा मज्जातंतूंच्या जखमांवरील ग्रंथ आला.

मिचेल यांच्या मते या वेदनेचे मूळ खुंटातील तुटलेल्या तंतूंच्या क्षोभात होते. तंतू कापला गेला तरी तो वाढणे सोडत नाही. त्याला वाट सापडली नाही की टोकाशी गुंता होऊन गाठ बनते. या गाठीला न्यूरोमा म्हणतात. तिच्यावर बोट दाबले की नसलेल्या बोटात कळ उठते. तेव्हा गाठ काढा म्हणजे वेदना जाईल, हा तर्क स्वाभाविक होता, आणि शल्यवैद्यांनी तो अंमलात आणला. गाठ काढली, वेदना गेली, काही महिन्यांनी परत आली. मग पाय आणखी वर कापला. तेथेही पुन्हा गाठ झाली. मग मज्जातंतू पाठीच्या कण्याजवळ छेदला. १९१२ पासून तर मज्जारज्जूतील वेदना वाहून नेणारा मार्गच कापण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. कित्येकांना काही काळ आराम पडला, पण पुष्कळांची वेदना पुन्हा उद्भवली. काही अभागी रुग्णांवर एकामागून एक अशा अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि वेदना मात्र जेथल्या तेथे राहिली. कारणाचा शोध अशा रीतीने खुंटापासून एकेक पायरी वर चढत होता, आणि प्रत्येक पायरीची किंमत रुग्ण मोजत होता.

शस्त्राने हार खाल्ल्यावर दोष रुग्णाच्या मनावर गेला. विसाव्या शतकाच्या मध्यास मनोविश्लेषणाचा प्रभाव मोठा होता. अवयव गेल्याचे दुःख रुग्ण स्वीकारीत नाही, म्हणून त्याला तो आहेसा वाटतो व दुखतो, असे अनेक डॉक्टर मानू लागले. शोकाने आणि चिंतेने वेदना वाढते हे खरे आहे. पण वाढविणारे आणि उत्पन्न करणारे ही दोन भिन्न कारणे होत, हा भेद त्या काळी पाळला गेला नाही. रुग्णांवर सर्वांत मोठा अन्याय याच काळात झाला असे म्हटले पाहिजे. पूर्वी निदान त्यांच्या खुंटात तरी कोणी पाहत होते.

या समजुतीला तडा देणारी माहिती १९६१ मध्ये पुढे आली. जन्मतःच हात किंवा पाय नसलेल्या काही मुलांनाही तो अवयव जाणवतो, असे वाइन्स्टाइन आणि सर्सन या संशोधकांनी दाखविले. जे कधी मिळालेच नाही, त्याच्या वियोगाचा शोक कसला? १९९७ मध्ये मेल्झॅक आणि सहकाऱ्यांनी सव्वाशे लोकांची पाहणी केली. जन्मतः अवयव नसलेल्यांपैकी निदान एक-पंचमांश, आणि वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी अवयव गमावलेल्यांपैकी निम्म्या लोकांना आभासी अवयवाचा अनुभव असल्याचे तीत आढळले. याच रोनाल्ड मेल्झॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर १९६५ मध्ये वेदनेचा 'द्वार-सिद्धांत' मांडला होता. वेदनेचा संदेश तारेतून गेल्याप्रमाणे सरळ मेंदूत जात नाही. मज्जारज्जूत जणू एक दार असून ते कमीअधिक उघडते, आणि ते उघडण्या-मिटण्यात मेंदूचाही हात असतो, असे तो सिद्धांत सांगतो. देकार्तची दोरी येथे प्रथमच तुटली. पुढे मेल्झॅक यांनी अशी कल्पना मांडली की, देहाचा एक आराखडा मेंदूत जन्मतःच असतो आणि अवयव असो वा नसो, तो आराखडा आपले काम चालूच ठेवतो.

आता शोध मेंदूपर्यंत पोहोचला होता. माँट्रिअलचे वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३७ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावरील देहाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. त्या नकाशात हाताच्या जागेला लागून चेहऱ्याची जागा येते. हात गेल्यावर त्याची ओस पडलेली जागा शेजारचा चेहरा बळकावीत असेल काय? याचे उत्तर १९९१ मध्ये अमेरिकेतील माकडांवरील प्रयोगातून आले, आणि त्या प्रयोगाची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील प्रयोगशाळेत १७ माकडे होती. त्यांपैकी अनेकांच्या हाताच्या संवेदना नेणाऱ्या तंतू शस्त्रक्रियेने तोडण्यात आल्या होत्या. १९८१ मध्ये एका प्राणिमित्र कार्यकर्त्याने तेथील गलिच्छ पिंजरे आणि माकडांच्या उघड्या जखमा उजेडात आणल्या. पोलिसांनी छापा घातला, खटला चालला. खालच्या न्यायालयात झालेली शिक्षा पुढे कायम राहिली नाही, पण त्या मुक्या जीवांवरून दहा वर्षे न्यायालयीन वाद चालू राहिला. अखेरच्या काळात त्यांना मारण्यापूर्वी त्यांच्या मेंदूचे मापन करण्यात आले. बारा वर्षे संवेदनेवाचून राहिलेल्या हाताची सारी जागा चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देत होती. हे ज्ञान कशाच्या मोबदल्यात आले, याची नोंद त्या ज्ञानाबरोबरच राहिली पाहिजे. त्या ज्ञानाचा अर्थ पुढे कसा बदलला, हे तर आणखी विचार करावयास लावणारे आहे. ते ओघाने येईलच.

मद्रासच्या स्टॅन्ले मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले विलयनूर रामचंद्रन त्या वेळी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे प्राध्यापक होते. माकडांवरील निष्कर्ष वाचून त्यांनी एक प्रयोग केला. त्यासाठी ना शस्त्र लागले ना यंत्र. हात गमावलेल्या एका तरुणाचे डोळे बांधून त्यांनी कापसाच्या बोळ्याने त्याच्या चेहऱ्याला जागोजाग स्पर्श केला. गालाला स्पर्श होताच तो सांगू लागला की गालाबरोबरच नसलेल्या अंगठ्यालाही स्पर्श होतो आहे. देकार्तच्या काळातील त्या मुलीप्रमाणेच याचेही डोळे बांधलेले होते, पण या वेळी ऐकणाऱ्याचा त्याच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास होता.

पुढचा प्रयोग त्याहून साधा. मूठ वळलेली आणि उघडत नाही, या मिचेल यांच्या काळापासूनच्या तक्रारीवर रामचंद्रन यांचा तर्क असा होता की, मेंदू हुकूम देतो, पण हात हलल्याचे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हात अडकला आहे असेच मेंदू शिकून बसतो. त्यांनी झाकण नसलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मधोमध एक आरसा उभा केला. रुग्णाने धड हात आरशासमोर ठेवावयाचा, म्हणजे प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसते. मग धड हाताची मूठ उघडली की दोन्ही हात उघडलेले दिसतात, आणि कित्येकांना आतली मूठ सैल झाल्याचे जाणवते. १९९५ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. दहा वर्षे आभासी हात बाळगणाऱ्या एका रुग्णाने तीन आठवडे घरी आरशाचा उपयोग केला, तेव्हा तो हात आणि त्याच्या कोपराचे दुखणे दोन्ही नाहीसे झाले. बोटे तेवढी खांद्याशी लोंबत राहिली!

२००७ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या १८ जणांवर हा उपाय पद्धतशीरपणे तपासण्यात आला. चार आठवड्यांनंतर खरा आरसा वापरणाऱ्या सहाही जणांची वेदना कमी झाली. झाकलेला आरसा वापरणाऱ्या सहांपैकी एकाची आणि केवळ कल्पना करणाऱ्या सहांपैकी दोघांची. पुढील परीक्षणांचे निष्कर्ष इतके एकमुखी नाहीत. तरी हा उपाय स्वस्त आहे, आणि त्यात कापाकापी नाही.

जर्मनीत हेर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच आणखी एक दुवा जोडला होता. हात गमावलेल्या तेरा जणांचे मेंदू तपासता, ज्याच्या मेंदूत चेहऱ्याची जागा हाताकडे जास्त सरकलेली, त्याची वेदना जास्त, असे त्यांना आढळले. १९९९ मध्ये याच परंपरेतील संशोधनाने असेही दाखविले की, स्नायूंच्या विद्युत्-संदेशांवर चालणारा कृत्रिम हात जे भरपूर वापरतात, त्यांच्यात ही वेदना कमी असते. कृत्रिम अवयव म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे जयपूर फूट येणार. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात तो तयार केला. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गावोगावच्या शिबिरांतून विनामूल्य पोहोचविला. जयपूर फूट स्नायूंच्या संदेशांवर चालत नाही, तेव्हा जर्मन निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पाय बसला, माणूस चालू लागला, म्हणजे आभासी पायाचे दुखणे गेलेच असेही नाही. पायाचे माप देताना खुंट दुखतो की नसलेला पाय दुखतो, हे रुग्णाने स्पष्ट सांगावे. खुंट दुखण्याचे कारण पुष्कळदा सॉकेटच्या दाबात असते आणि ते तेथल्या तेथे दुरुस्त होऊ शकते. दुसऱ्याचा उपचार वेगळा आहे.

मेंदूचा नकाशा विस्कटतो म्हणून वेदना होते, हे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ सर्वमान्य झाले होते. पाठ्यपुस्तकांत ते गेले, वर्तमानपत्रांत गेले. परंतु २०१३ मध्ये ऑक्सफर्ड येथील टॅमर मेकिन आणि सहकाऱ्यांनी याच्या उलट आढळ प्रसिद्ध केला. हात गमावलेल्यांना नसलेली बोटे हलविण्यास सांगून मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा ज्यांची वेदना अधिक, त्यांच्या मेंदूत हाताची जागा अधिक शाबूत असल्याचे दिसले. २०२५ मध्ये तर मेकिन आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची तपासणी हात कापण्यापूर्वी केली आणि तीच तपासणी नंतर पुन्हा, काहींच्या बाबतीत पाच वर्षांपर्यंत, केली. हाताचा नकाशा आधी होता तसाच नंतर सापडला; ओठांनी तो बळकावलेला नव्हता. खाते बंद झालेच नव्हते, फक्त त्यात नवी नोंद होत नव्हती. सिल्व्हर स्प्रिंगच्या माकडांवरून काढलेला, तीस वर्षे शिकविला गेलेला अर्थ अशा रीतीने पुष्कळ अंशी मागे घ्यावा लागत आहे.

मग वेदना येते कोठून? शोध पुन्हा पायऱ्या उतरू लागला आहे. तुटलेल्या तंतूच्या गाठीतून कोणी न डिवचताही आपोआप संदेश सुटत राहतात, हे वॉल आणि गटनिक यांनी १९७४ मध्येच उंदरांच्या तंतूंवर दाखविले होते. १९८१ मध्ये स्वीडनमध्ये माणसांच्या तंतूंत सूक्ष्म सुई घालून हे संदेश मोजले गेले. पण गाठ बधिर केली तरी संदेश आणि वेदना चालूच राहिल्या. यावरून उगम केवळ गाठीत नाही, असे दिसले. २०१४ मध्ये अल्बानिया आणि इस्रायल येथील डॉक्टरांनी, तंतू मणक्यांतून बाहेर पडतात त्या जागी, पाय गमावलेल्या रुग्णांना भुलीचे इंजेक्शन दिले. काही मिनिटांतच नसलेल्या पायाची वेदना थांबली. औषधाचा अंमल उतरला तशी ती परत आली. मणक्याजवळच्या मज्जापेशींच्या गाठीही संदेश सोडीत असाव्यात, असा त्याचा अर्थ ते लावतात. सर्वच तज्ज्ञांना हे मान्य नाही. मज्जारज्जूतील संवेदनक्षमता वाढणे, अंगच्छेदनापूर्वी दीर्घकाळ सोसलेल्या वेदनेची मेंदूत राहिलेली आठवण, झोप आणि चिंता यांचा परिणाम, ही कारणेही जोडीला आहेत. गँगरीनने महिनोन्महिने दुखलेल्या पायाची वेदना पुष्कळदा त्याच जागी, त्याच स्वरूपात पुढेही जाणवते, अशी नोंद अनेक पाहण्यांत झाली आहे. एका अर्थी देकार्तच्या स्पष्टीकरणाच्या दोन्ही बाजू आता पुन्हा एकत्र वाचल्या जात आहेत.

या उतरत्या वाटेवर एक उपाय हाती आला आहे. शिकागो येथील टॉड कुइकेन आणि ग्रेगरी डुमेनियन या डॉक्टरांनी २००२ पासून तुटलेल्या तंतूचे टोक जवळच्या स्नायूच्या लहान तंतूला जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. मूळ हेतू कृत्रिम हात अधिक चांगला चालावा हा होता. मात्र वाढत्या तंतूला जाण्यास वाट मिळाल्यावर गाठीचे दुखणे कमी होते, हे त्यांच्या लक्षात आले. २०१९ मध्ये २८ रुग्णांच्या तुलनात्मक परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावर अशी जोडणी झाली, त्यांच्या आभासी अवयवाच्या वेदनेत नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक सुधारणा दिसली. ही जोडणी जुन्या रुग्णांवरही होऊ शकते, पण त्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. अंगच्छेदन ठरलेले असेल तर तंतूंच्या टोकांचे काय करणार, हे आधीच शल्यचिकित्सकाला विचारून ठेवावे लागते. ती टोके समोर उघडी असतात ती त्याच वेळी.